सागरकथेतील शब्दधन

बेळगाव-निपाणी भागातील विद्यार्थ्याने समुद्रावरील कादंबरी कशासाठी वाचावी, असा प्रश्न अनेक पालकांच्या मनात येतो. वरवर पाहता तो रास्त आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंचीवर वसलेले आहे. निपाणीची कीर्ती तंबाखूच्या पेठेसाठी, तर खानापूरची ओळख जंगलासाठी. आमच्या मुलांना विहीर ठाऊक आहे, तळे ठाऊक आहे, मार्कंडेय आणि वेदगंगा ठाऊक आहेत. समुद्र पाहावयाचा तर घाट उतरून जावे लागते. अशा मुलांनी कोळ्याच्या होडीतील दोर, शीड, वल्हे आणि गळ यांची नावे शिकून काय साधावयाचे? ही नावे परीक्षेत विचारली जात नाहीत आणि बाजारात उपयोगी पडत नाहीत. तेवढाच वेळ गणितास किंवा इंग्रजीस दिला तर ते बरे नव्हे काय?

आमचे मत याच्या उलट आहे. भाषा शिकण्याचा जो सर्वांत खात्रीचा मार्ग आम्हांस दिसतो, तो अशाच एखाद्या कथेतून जातो. आणि समुद्रापासून दूर, दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलांना तर त्याची गरज इतरांहून अधिक आहे. हे मत मोघमपणे सांगण्यापेक्षा एक पुस्तक समोर ठेवून मांडावे, हे योग्य.

ते पुस्तक म्हणजे 'एका कोळियाने'. अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही छोटी कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. १९५३ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक लाभले आणि १९५४ मध्ये तिच्या लेखकास साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. पु. ल. देशपांडे यांनी ती १९६५ साली मराठीत आणली. पु. लं.चा आणि बेळगावचा ऋणानुबंध जुना आहे. येथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात त्यांनी काही काळ अध्यापन केले. आणि 'रावसाहेब' या त्यांच्या व्यक्तिचित्राने बेळगावचा माणूस व बेळगावची बोली साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची केली. तेव्हा क्यूबाच्या किनाऱ्यावरील ही कथा आपल्या ओळखीच्या माणसानेच आपल्या घरी आणून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

कथा थोडक्यात अशी. सान्तियागो नावाचा म्हातारा कोळी सतत ८४ दिवस रिकाम्या होडीने परत येत आहे. पहिले ४० दिवस त्याच्यासोबत मानोलिन हा मुलगा होता. पुढे आईबापांच्या आज्ञेवरून त्या मुलास दुसऱ्या होडीवर जावे लागले. ८५व्या दिवशी म्हातारा एकटाच दूर, खोल पाण्यात जातो. त्याच्या गळाला मार्लिन जातीचा एक मासा लागतो, आणि तो मासा होडीहूनही लांब निघतो. मासा होडीला ओढीत नेतो. म्हातारा दोर सोडीत नाही. तिसऱ्या दिवशी मासा हाती येतो. परंतु परतीच्या वाटेवर शार्क मासे त्याचे लचके तोडतात, आणि किनाऱ्याला लागतो तो १८ फुटांचा केवळ सांगाडा. एवढीच ही कथा. तीत राजा नाही, खजिना नाही, युद्ध नाही. तरीही एकदा हाती घेतलेले पुस्तक खाली ठेववत नाही.

शब्दांचा अभ्यास या पुस्तकाच्या नावापासूनच सुरू होतो. 'कोळी' हा शब्द ऐकताच आपल्या भागातील मुलापुढे प्रथम येतो तो भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणणारा किडा. आणि जुन्या पिढीतील वाचकास शालेय पुस्तकातील त्या किड्याच्या चिकाटीची कविता आठवते. किनाऱ्यावरच्या मुलापुढे मात्र मासे पकडणारा माणूस उभा राहतो. जाळे दोघांचेही, चिकाटी दोघांचीही. नावाची गंमत या दुहेरी अर्थात आहे. पण पुढे कथा वाचू लागल्यावर असे ध्यानात येते की, सान्तियागो जाळे टाकतच नाही. त्याचे सारे काम दोराने आणि गळाने चालते. मग मनात सहज प्रश्न उभा राहतो: मासे पकडण्याचे प्रकार तरी किती? आपल्या कोकण किनाऱ्याकडे विचारले तर उत्तर मिळते. एकट्याने फेकावयाचे जाळे ते 'पाग'. अनेकांनी मिळून किनाऱ्याकडे ओढून आणावयाचे मोठे जाळे ते 'रापण'. आणि गळ टाकून मासे धरणे म्हणजे 'गरवणे'. 'मासे पकडणे' एवढ्या एका क्रियापदावर आजवर भागविणाऱ्या आपणांस तीन निरनिराळ्या कामांचे तीन शब्द लाभतात, आणि त्यांच्यामागची तीन चित्रेही.

आमची वाचण्याची रीत हीच आहे, हे येथे सांगून ठेवतो. कथेतील वस्तू आणि प्रसंग समोर धरावा, आणि त्यास आपल्या किनाऱ्यावर, आपल्या घरात व आपल्या ग्रंथांत काय म्हणतात याचा शोध घ्यावा. पुढील उदाहरणे याच रीतीने निवडली आहेत.

म्हातारा आपले चार गळ चार निरनिराळ्या खोलींवर सोडतो: ४०, ७५, १०० आणि १२५ वाव. 'वाव' म्हणजे काय? दोन्ही हात आडवे ताणून पसरले असता एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे जे अंतर, ते एक वाव. सुमारे सहा फूट. म्हणजे सर्वांत खोल गळ ७५० फुटांवर आहे. शब्दकोशात हा अर्थ एका ओळीत मिळतो आणि दुसऱ्या दिवशी विसरला जातो. परंतु अंगणात उभे राहून मुलाने हात पसरले, आणि असे १२५ वेळा पसरलेले हात खाली काळोख्या पाण्यात एकाखाली एक मनाने मोजले, की तो शब्द जन्मभर त्याचा होतो. आता हाच मुलगा आपले प्रगतिपुस्तक उघडतो. तेथे शेरा असतो: 'सुधारणेस वाव आहे.' अक्षरे तीच. हात पसरावयास जागा आहे, असा त्या शेऱ्याचा भाव त्याला प्रथमच जाणवतो, आणि एरवी कोरडे वाटणारे ते वाक्य काहीतरी बोलू लागते.

दुसरे उदाहरण भूगोलाचे घेऊ. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहणारे ते खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे ते मतलई वारे, हे आम्ही सर्वांनी पाठ केले आहे. जमीन लवकर तापते व लवकर निवते, पाणी उशिरा तापते व उशिरा निवते, हे कारणही परीक्षेपुरते लिहिले आहे. पण 'मतलई' हा शब्द आमच्यापैकी किती जणांनी उत्तरपत्रिकेबाहेर वापरला? या कथेत पहाट होण्यापूर्वी जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याचा वास म्हाताऱ्याला झोपेत येतो, आणि त्या वासाने तो जागा होतो. होडी वल्हवीत तो दूर जातो तेव्हा जमिनीचा वास मागे राहतो. पाठ्यपुस्तकातील मतलई वाऱ्याला दिशा होती; येथे त्याला वास आला, वेळ आली, आणि त्या वाऱ्यावर जागे होऊन कामास जाणारा माणूस आला. ज्या शब्दामागे माणूस उभा राहतो तो शब्द विसरत नाही.

काही शब्द मात्र उलट दिशेने प्रवास करतात. ते आपल्या घरचेच असतात आणि कथेत जाऊन मोठे होतात. म्हाताऱ्याच्या शिडाला पिठाच्या पोत्यांची ठिगळे लावलेली आहेत. 'ठिगळ' हा शब्द आपल्या आजीच्या तोंडचा; गोधडीला ठिगळ, सदऱ्याला ठिगळ. तोच शब्द समुद्रावरील शिडाशी जोडला, की दारिद्र्य सर्व देशांत एकाच सुईने शिवले जाते, हे न सांगता कळते. तसाच 'पेटका'. मासा ओढून धरताना म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला पेटका येतो आणि बोटे पक्ष्याच्या पंजासारखी वळून घट्ट मिटतात. या शब्दाकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा वळणार आहोत.

हेमिंग्वे यांनी स्वतः काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. त्यांची कादंबरी इंग्रजीत आहे, परंतु तिच्यातील माणसे स्पॅनिश बोलणारी आहेत. म्हणून लेखकाने अनेक स्पॅनिश शब्द तसेच ठेवले, आणि त्यांचे कोष्टक पुस्तकाच्या शेवटी जोडले नाही. प्रसंगातूनच ते शब्द उलगडत जातात. त्यांतील एक जागा फार बोलकी आहे. स्पॅनिशमध्ये समुद्र हा शब्द पुल्लिंगीही चालतो आणि स्त्रीलिंगीही. म्हातारा समुद्राला नेहमी स्त्रीलिंगी संबोधतो, कारण समुद्रावर प्रेम करणारी माणसे तसेच म्हणतात. यांत्रिक होड्या घेऊन फिरणारे काही तरुण कोळी त्याला पुल्लिंगी म्हणतात, जणू तो प्रतिस्पर्धी किंवा शत्रू आहे. मराठीत समुद्र, सागर आणि दर्या हे तिन्ही पुल्लिंगी. मग मराठी मुलाला म्हाताऱ्याचे मन कसे कळावे? आपल्या भागातील मुलाला ते चटकन कळते; कारण त्याच्या गावचे लोक नदीला केवळ नदी म्हणत नाहीत, कृष्णामाई म्हणतात. लिंगविचार हा व्याकरणातील कंटाळवाणा भाग नसून त्यात माणसाची माया दडलेली असते, हे एवढ्या एका उदाहरणाने समजते.

शब्द हाताने शिकावे लागतात, ही गोष्ट दुसऱ्या एका सागरकथेतही सुंदर रीतीने आली आहे. रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९७ सालच्या 'कॅप्टन्स करेजस' या कादंबरीत हार्वे नावाचा पंधरा वर्षांचा श्रीमंत मुलगा जहाजावरून समुद्रात पडतो, आणि मासेमारी करणारे एक गलबत त्यास उचलून घेते. तेथे त्याची श्रीमंती कामास येत नाही. त्याला गलबतावरील दोरांची नावे शिकावी लागतात; आणि एक जुना खलाशी प्रत्येक दोरावर हात ठेवावयास लावून, चुकल्यास दोराच्याच टोकाचा प्रसाद देऊन, ती शिकवितो. मारून शिकविण्याचे समर्थन आज कोणीही करणार नाही आणि करूही नये. परंतु 'दोराला हात लाव, मग नाव घे' ही त्या खलाशाची रीत शिक्षकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते. नाव पाठ होते, दोर दिसतच नाही.

आता कोणी म्हणेल, की हे सारे शब्द आपल्या जीवनाबाहेरचे आहेत. खरोखर तसे आहे काय? आम्ही आपल्या रोजच्या बोलण्याकडे जरा कान दिला, तेव्हा घाटमाथ्यावर राहूनही आपण दिवसभर पाण्यातले शब्द वापरतो, असे दिसून आले. कोणी आमिषाला भुलतो, कोणी गळाला लागतो, कोणी जाळ्यात सापडतो. आनंदाला उधाण येते. उत्साहाला ओहोटी लागते. सैन्यात भरती होते. एखाद्याच्या मनाचा थांग लागत नाही. सभेची सुकाणू समिती नेमली जाते, बुडत्याला काडीचा आधार मिळतो, आणि पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे वडीलधारी सांगतात. एवढेच नव्हे, तर आपल्या गावाची उंची सांगतानाही आपण 'समुद्रसपाटीपासून' असेच म्हणतो. हे शब्द आपण वापरतो, पण त्यांचे मूळ न पाहता वापरतो. त्यामुळे ते गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखे होतात. चालतात, पण त्यांवरील ठसा दिसत नाही. सागरकथा वाचली की तो ठसा पुन्हा उठून दिसतो. सुकाणूचा दांडा धरून रात्रभर बसलेला म्हातारा ज्याने मनाने पाहिला, त्याला सुकाणू समितीवर बसणे म्हणजे काय, हेही अधिक चांगले कळेल.

'नांगर' हा एक शब्द घ्या. आमच्या विद्यार्थ्यापुढे त्या शब्दासरशी काळी जमीन, बैल आणि मृगाचा पाऊस येतो. किनाऱ्यावरच्या मुलाच्या मनात तोच शब्द होडी एका जागी थोपवून धरणारा लोखंडी आकडा उभा करतो. एकाचा नांगर पुढे चालतो, दुसऱ्याचा नांगर जागीच धरून ठेवतो. तसाच 'मोरी'. आपल्या घरात मोरी म्हणजे भांडी घासण्याची, सांडपाणी वाहून जाण्याची जागा. कोकणात मोरी म्हणजे शार्कच्या जातीचा लहान मासा, आणि गोवा, कारवार व वेंगुर्ल्याकडून घाट चढून आपल्या बाजारात येणाऱ्या मासळीत तोही असतो. म्हाताऱ्याचा मासा खाणारे ते भयंकर शार्क आणि बाजारातील टोपलीतली मोरी यांचे नाते कळले, म्हणजे क्यूबा आणि बेळगाव यांच्यामधील अंतर कमी होते.

आणि क्यूबा व निपाणी यांच्यामधील अंतर तर त्याहूनही कमी आहे! तंबाखूचे झाड मूळचे अमेरिका खंडातील. १४९२ साली कोलंबसच्या माणसांनी ज्या भूमीवर तेथील रहिवाशांना या वनस्पतीच्या पानांचा धूर ओढताना पाहिले, ती भूमी क्यूबाचीच. पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते झाड आपल्याकडे आले, आणि 'तंबाखू' हा शब्दही आला. बटाटा, पाव, चावी आणि पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले आहेत. 'दर्या' आणि 'बंदर' फारसीतून आले. होडीचा मालक असलेला 'नाखवा' हा फारसीतील नाखुदा. 'सुकाणू' आणि 'मोसम' अरबीतून आले. समुद्र देशांना वेगळे करतो तसाच जोडतोही, आणि मालाबरोबर शब्दांचीही ने-आण करतो. निपाणीच्या वखारीत पगार मोजून घेणाऱ्या माणसाच्या तोंडी समुद्रापलीकडून आलेले दोन शब्द असतात. मग समुद्राशी आपला संबंध नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमच्या भागातील विद्यार्थ्याजवळ आणखी एक साधन आहे, आणि ते पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याजवळ नाही. ते म्हणजे शेजारची कन्नड. कन्नडमध्ये समुद्र म्हणजे 'कडलु', लाट म्हणजे 'अले', मासा म्हणजे 'मीनु', जाळे म्हणजे 'बले', होडी म्हणजे 'दोणी'. यांतील मीनु ऐकताच आपल्याला मीन रास आठवते. दोणी हा संस्कृतातील 'द्रोणी'शी नाते सांगणारा शब्द. आणि त्याच गोतावळ्यातला, पानाचा 'द्रोण' आपल्या पंक्तीत आमटीने भरलेला असतो. सर्वांत गंमत गळाची. मराठीत 'गळ', कन्नडमध्ये 'गाळ'. एका कान्याचा काय तो फरक! मराठी मुलगा 'गाळ' ऐकून नदीच्या तळाचा चिखल समजेल आणि हसेल. पण पुढच्या वेळी चुकणार नाही. मराठीने कन्नडकडून शब्द घेण्याचे कधी कमीपण मानले नाही. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपल्या घरात इतके मुरले आहेत की ते कोठून आले, हे कोणी विचारीतही नाही. ज्याच्या कानावर दोन भाषा पडतात, त्याने एका वस्तूची दोन नावे ताडून पाहावीत. त्याने एका भाषेचे नुकसान होत नाही. दोन्हींची धार वाढते.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की कोळ्यांचे, नावाड्यांचे शब्द प्रमाण भाषेत बसत नाहीत. ते निबंधात लिहिले तर गुण कापले जातील. आम्हांस हा विचार पटत नाही. जे काम जो करतो, त्या कामाचे अचूक शब्द त्याच्याजवळच असतात. शेताचे शब्द शेतकऱ्याजवळ, मागाचे शब्द विणकराजवळ, विडीचे शब्द विडी वळणाऱ्या बाईजवळ. शिवछत्रपतींच्या आरमारातील गुराब, गलबत, मचवा ही नावे आपण इतिहासात अभिमानाने घोकतो. ती नावे दरबारात नव्हे, तर समुद्रावर राबणाऱ्या माणसांच्या तोंडी रुळलेली होती. श्रमाला प्रतिष्ठा द्यावयाची असेल, तर श्रमणाऱ्यांच्या शब्दांना ती प्रथम दिली पाहिजे.

दुसरा आक्षेप आजच्या काळातला. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, अर्थ क्षणात मिळतो. आणि फिश, बोट, नेट म्हटले तरी सर्वांस समजते. मग इतका खटाटोप कशाला? समजते हे खरे; पण किती समजते? 'बोट' म्हटल्यावर होडी, पडाव, मचवा, गलबत आणि आगबोट यांतील फरक पुसला जातो. मराठीत 'नेट' हा आपला स्वतःचा शब्द आहे, आणि 'नेटाने काम करणे' यातील निश्चय त्यात भरलेला आहे. म्हातारा तीन दिवस दोर धरून बसतो तो नेटाने. इंग्रजी 'नेट'च्या वापराखाली हा आपला नेट हरवला, तर एक शब्द नव्हे, एक गुण व्यक्त करण्याची सोय हरवते. मोबाइलवर अर्थ पाहण्यास आमची ना नाही. मात्र तो शेवटी पाहावा. प्रथम कथेला विचारावे, मग घरातील वडीलधाऱ्यांना, मग शेजाऱ्याला, आणि त्यानंतर शब्दकोशाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली प्रथम निघाला. असा कोश हाताने चाळणे यातही एक आनंद असतो, कारण शोधलेल्या शब्दाच्या वाटेवर न शोधलेले चार शब्द भेटतात.

विद्यार्थिमित्रांस आमची सूचना अशी आहे. पुस्तकाचे पहिले वाचन केवळ कथेसाठी करावे. शब्द अडला तरी थांबू नये. दहा अडलेल्या शब्दांपैकी सहा पुढच्या दोन पानांत आपोआप उलगडतात. दुसरे वाचन शब्दांसाठी करावे. एक वही घालावी आणि तिच्या पानावर चार रकाने आखावेत. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात त्या शब्दाने कथेत काय काम केले ते. तिसऱ्यात तो शब्द घरात किंवा बोलण्यात आणखी कोठे भेटतो ते. चौथ्यात त्याचा कन्नड सोबती. मग त्या शब्दाचे एक स्वतःचे वाक्य लिहावे, आणि त्यात समुद्र नसावा. आठवड्यास पाच शब्द पुरेत. शंभर शब्दांची यादी परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणाऱ्यांची गत त्या म्हाताऱ्याच्या माशासारखी होते. होडीला बांधलेला मासा वाटेतच खाल्ला जातो, आणि किनाऱ्यावर पोहोचतो तो सांगाडा.

पालकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलाच्या हाती पुस्तक देऊन आपण दुसरीकडे पाहत बसू नये. रात्री जेवणानंतर पाव तास एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे. आजोबांना नदीवरच्या मासेमारीचे शब्द ठाऊक असतील, आईला माशांची नावे ठाऊक असतील. कथेतील म्हातारा ज्या ताज्या माशांचे आमिष लावतो ती आपल्या बाजारातली तारली, आणि ताकद यावी म्हणून जो मासा तो कच्चाच खातो तो आपल्या किनाऱ्यावरचा कुपा, हे मुलाला कोण सांगणार? घरातील माणसांच्या तोंडी असलेले शब्द मुलाच्या वहीत उतरले, तर त्या वहीचे मोल कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाहून अधिक होईल.

आता पेटक्याकडे वळतो, आणि आमचे मुख्य म्हणणे मांडतो. म्हाताऱ्याचा उजवा हात भरवशाचा. डावा मात्र ऐन वेळी दगा देतो. पेटका आला म्हणून म्हातारा त्या हाताला तोडून टाकीत नाही, आणि त्याच्यावर केवळ रागावूनही बसत नाही. तो त्याला ऊन लागू देतो, त्याला बळ यावे म्हणून कच्चा मासा मन घट्ट करून खातो, आणि बोटे आपोआप सुटण्याची वाट पाहतो. हात सुटतो आणि पुन्हा कामाला लागतो.

सीमाभागातील मराठीची स्थिती आम्हांस अशीच दिसते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. पुण्याच्या मुलाला रस्त्यावरील पाट्यांतून, कचेरीतील अर्जांतून, बसच्या तिकिटातून मराठी न मागता भेटते. आमच्या मुलाला त्यांपैकी पुष्कळसे कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत भेटते. त्या दोन्ही भाषा त्याने उत्तम शिकाव्यात. त्यांवाचून त्याचे चालणार नाही. परंतु न वापरलेल्या अवयवाला पेटका येतो, तसा न वापरलेल्या भाषेलाही येतो. घरापुरती, स्वयंपाकापुरती, भांडणापुरती मराठी उरली, तर ती बोटांसारखी आत वळत जाईल. सभा भरवून, ठराव करून, न्यायालयात वाद मांडून भाषेच्या हक्काची चर्चा होते, आणि ती ज्यांनी करावयाची ते करतीलच. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांनी साहित्य संमेलने भरवून मराठीला ऊन दाखविले आहे, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु त्या हाताला रोजचे अन्न घालण्याचे काम दुसऱ्या कोणाचे नाही. ते वाचणाऱ्या मुलाचे आणि वाचून दाखविणाऱ्या घराचे आहे. ज्या विद्यार्थ्याजवळ वाव, मतलई, पाग, रापण, थांग, उधाण हे शब्द जिवंत आहेत, त्याला आपले मन मांडण्यासाठी उसनवारी करावी लागणार नाही.

आपला खानापूर तालुका मोठा भाग्यवान आहे. तेथे कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाते, कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. त्याच तालुक्यात उगम पावणारी महादायी पश्चिमेकडे वळते आणि मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. दोन्ही समुद्रांना पाणी पाठविणाऱ्या भूमीवर आपण राहतो. आपल्या मुलांनीही दोन्ही दिशांचे शब्द ओंजळीत घ्यावेत. शाळेच्या ग्रंथालयात किंवा गावच्या वाचनालयात 'एका कोळियाने'ची प्रत असेल, तर ती या सुट्टीत अवश्य घरी न्यावी. नसेल, तर ती मागवावी, अशी विनंती ग्रंथपालांस करावी. वाचून झाल्यावर शब्दांची वही आपल्या वर्गशिक्षकांना दाखवावी. त्यांतील निवडक शब्द पुढील वर्षीच्या अंकात छापावयास आम्हांस आनंदच वाटेल.